बंड्याचं स्टेरॉइड बंद करून चिनी काळ्या गोळ्या सुरू करू का?

देवगड तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. चार पानी आहे, म्हणून मुद्द्याचं तेवढं इथे देते. त्यांचा बंड्या साडेचार वर्षांचा, आई लॅब्रेडॉर आणि बाप गावठी, वजन २४ किलो. श्रावणात एक दिवस पुढचा डावा पाय उचलून धरायला लागला, दोन दिवसांनी मागचा उजवा, आणि आठवड्याभरात अशी पाळी आली की सकाळी उठायलाच तयार नाही, ताप १०४. तालुक्याच्या दवाखान्यात तापाची आणि दुखण्याची इंजेक्शनं झाली, दोन दिवस बरं वाटायचं की परत तेच. शेवटी घाट चढून कोल्हापूरला नेलं, तिथे चार सांध्यांतून पाणी काढून तपासलं, रक्त तपासलं आणि आयएमपीए हा सांध्यांचा आजार असल्याचं सांगितलं. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी बंड्या अंगणात शेपटी हलवत उभा. आता सहा आठवडे झालेत. पुढचं त्यांच्याच शब्दांत:

"पाणी बादलीने पितो, रात्री पडवीतच करतो, पोट सुटलंय आणि मांड्या बारीक झाल्यात. परवा खळ्यात वाळत घातलेले सुके बांगडे निम्मे संपवले. ह्यांचं म्हणणं स्टेरॉइडने कुत्रा मरेल, बंद कर. सासूबाई म्हणतात गुळवेलीचा काढा घाल, प्रतिकारशक्ती वाढेल. दीर बोटीवर असतात, त्यांनी सिंगापूरहून सांधेदुखीच्या चिनी गोळ्या आणल्यात, काळ्या, मिरीएवढ्या, डबीवर सगळं चिनी. त्यांच्याबरोबरच्या एका खलाशाची आई त्या गोळ्यांनी आठवड्यात चालायला लागली म्हणे. कुत्र्यांचा हा आजार चिनी वनस्पतींनी बरा होतो असं मीही वाचलंय. स्टेरॉइड बंद करून ह्या सुरू करू का?"

ताई, आधी सरळ उत्तर देते कारण तुम्ही कदाचित आज संध्याकाळचा डोस हातात घेऊनच हे वाचत असाल. तो डोस द्या. स्टेरॉइड आज बंद करायचं नाही, उद्याही नाही, आणि जेव्हा कमी होईल तेव्हा कोल्हापूरच्या डॉक्टरांच्या हिशोबानेच होईल. डबी कपाटात ठेवा, फेकू नका, तिचं काम पुढे सांगते.

सहा आठवडे रोज बाहेरून स्टेरॉइड मिळत असलं की मूत्रपिंडाजवळच्या दोन छोट्या ग्रंथी, ज्या हेच द्रव्य अंगात तयार करतात, त्या आपलं काम जवळजवळ थांबवतात, कारण गरजच उरत नाही. अशात गोळी एकदम तोडली की अंगात बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही. कुत्रा ओकायला लागतो, गळून जातो, कधी कधी उभ्याउभ्या कोसळतो. वर मूळ आजार उसळी मारतो तो वेगळाच, आणि दुसऱ्यांदा आलेला आवरायला बऱ्याचदा पहिल्यापेक्षा जड जातो. यजमानांना हे नीट समजावून सांगा, त्यांची काळजी खरी आहे, पण कुत्र्याला धोका गोळीपेक्षा ती एकाएकी थांबवण्यात जास्त आहे.

आता आजाराबद्दल थोडं, कारण तो समजला की सासूबाईंच्या काढ्याचं उत्तर आपोआप मिळतं. आयएमपीए म्हणजे इम्यून मीडिएटेड पॉलीआर्थ्रायटिस, अंगातली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, एकावर नाही, अनेक सांध्यांवर एकदम, त्यातही मनगटं आणि मागच्या पायाचे घोटे जास्त. राखणीला ठेवलेला कुत्रा घरच्याच पोराला चावायला लागावा तसं. म्हणून बंड्याचा पाय रोज बदलत होता, आज पुढचा उद्या मागचा, म्हणून ताप होता, म्हणून तो काट्यावरून चालल्यासारखा चालायचा. निरोगी सांध्यातलं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट असतं, सुईच्या टोकाशी थेंब धरला तर दोन-तीन सेंटीमीटर तार सुटते, आणि त्यात पेशी अगदी थोड्या, एका मायक्रोलिटरला ३००० च्या आत. ह्या आजारात तेच पाणी पातळ आणि गढूळ होतं, तार तुटते, आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची नुसती गर्दी. तुमच्या डॉक्टरांनी चार सांधे टोचले ते उगाच नाही, एका सांध्यावरून हा आजार ठरवता येत नाही, आणि इतक्या नीट तपासणारा माणूस तुम्हाला मिळालाय ही मोठी गोष्ट आहे.

आता सांगा, अशा कुत्र्याची प्रतिकारशक्ती वाढवायची? राखणदार घरच्यांना चावतोय तर त्याला खुराक वाढवून काय होणार. गुळवेल मला परकी नाही, माझ्या आईच्या परसातल्या कुंपणावर ती होती आणि ताप आला की काढा ठरलेला. पण २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही माणसांमध्ये ऑटोइम्यून पद्धतीचा लिव्हरचा त्रास नोंदवला होता. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला, तो वाद बाजूला ठेवला तरी ज्याची प्रतिकारशक्तीच चुकीच्या दिशेने धावतेय त्या जिवाला प्रतिकारशक्ती चेतवणारी वनस्पती देऊन बघायची नसते एवढं नक्की. सासूबाईंना दुखवू नका, त्यांना दुसरं काम द्या, ते खाली सांगते, त्याचा बंड्याला खरंच उपयोग होईल.

आता चिनी औषधं. मी त्यांना हसणाऱ्यातली नाही. छिंगहाओ ह्या चिनी वनस्पतीतून मलेरियाचं आर्टेमिसिनिन निघालं आणि त्यासाठी थू योयो ह्या बाईंना २०१५ साली नोबेल मिळालं, म्हणजे त्या परंपरेत ताकदीच्या वनस्पती आहेत ह्यात शंका नाही. आणि ज्यात ताकद आहे ते अंगात काहीतरी करतंच, भलं किंवा बुरं. "वनस्पती आहे, साइड इफेक्ट नाही" हे वाक्य मला वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये इतक्या वेळा ऐकायला मिळालंय आणि तेच मला सगळ्यात जास्त भीती घालतं.

त्यांच्या शास्त्रात सांधेदुखीला 'बी' म्हणतात, म्हणजे अडथळा. वारा, थंडी, ओल आणि उष्णता ह्यांनी अंगातला प्रवाह अडतो अशी कल्पना, आपल्याकडे पावसाळ्यात म्हातारी माणसं "वात धरला" म्हणतात त्याच्या जवळ जाणारी. ह्यावर त्यांचं प्रसिद्ध जुनं औषध म्हणजे दू हुओ जी शंग थांग, सातव्या शतकातल्या सुन सिमियाओ ह्या वैद्याच्या नावावर आहे, १५ वनस्पतींचं मिश्रण. त्यात दालचिनीच्या भावकीतली साल आहे, जेष्ठमध आहे, आपल्या आघाड्याचा चिनी भाऊबंद आहे. हे औषध थंडी-ओलीने धरलेल्या जुनाट, झिजलेल्या सांध्यांसाठी, म्हणजे आजोबांचे गुडघे किंवा बारा वर्षांच्या लॅबची कंबर. आणि सांधे गरम, लाल, सुजलेले, सोबत ताप असेल तर त्यांचाच वैद्य सांगेल की ही ओली उष्णता आहे, इथे सी म्याओ सानसारखं चार वनस्पतींचं थंड औषध लागतं, गरम औषध दिलंत तर आगीत तेल. श्रावणातला बंड्या सांगा ह्यातल्या कुठल्या खणात बसतो? म्हणजे बघा, आपल्या डॉक्टरांना बाजूला ठेवा, चिनी वैद्यकाच्या स्वतःच्या हिशोबानेही कुणाच्या तरी आईची गोळी बंड्याला चालत नाही. त्यांच्यात रोग्याची जीभ आणि नाडी बघितल्याशिवाय औषध ठरत नाही, जनावरांसाठी मागच्या मांडीच्या आतली नाडी बघतात. अमेरिकेत फ्लोरिडात १९९८ पासून पशुवैद्यांना हे रीतसर शिकवणारी संस्था आहे आणि तिथे आधी तुम्ही पशुवैद्य असावं लागतं मगच प्रवेश, एवढं तरी ते लोक जपतात.

तुमच्या त्या काळ्या गोळ्यांवर येते. मला डबीतला प्रकार ओळखता येत नाही आणि तुम्हालाही नाही, तिथेच खरी अडचण आहे. १९९८ सालीच कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याने दुकानात मिळणारी २६० आशियाई तयार औषधं तपासली होती, त्यातल्या ८३ मध्ये, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यात, लेबलवर न सांगितलेली ॲलोपॅथीची औषधं किंवा शिसं, आर्सेनिक, पारा असलं काहीतरी निघालं. सांधेदुखीच्या काळ्या गोळ्यांची तर जुनी बदनामी आहे, सत्तरच्या दशकापासून असल्या गोळ्यांत फेनिलब्यूटाझोनसारखी दुखण्याची औषधं आणि स्टेरॉइड सापडत आलेत. खलाशाची आई आठवड्यात चालायला लागली ना, मला त्या 'आठवड्यात'चीच धास्ती वाटते. वनस्पतींचे चांगले वैद्यसुद्धा सांगतात की गुण यायला दोन-चार आठवडे जातात.

आणि बंड्यासाठी हे दुप्पट धोक्याचं. कुत्र्याला स्टेरॉइड चालू असताना दुखण्याची गोळी, मग ती मेलोक्सिकॅम असो, डायक्लोफेनॅक असो, आयब्युप्रोफेन असो, दिली की पोटाच्या आतलं अस्तर फाटतं. दापोलीच्या बाजूचा एक कुत्रा माझ्याकडे असाच आला होता. त्याचं स्टेरॉइड चालू होतं, शिवाय घरच्यांनी कुणाकडून तरी बिनलेबलची पूड आणून गुळातून द्यायला सुरुवात केली होती, मला सांगितलं नव्हतं आणि मीही पहिल्या दिवशी विचारलं नाही. चौथ्या दिवशी त्याची शी डांबरासारखी काळी, चकचकीत, हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या. मी हिरडीवर बोट दाबलं आणि सोडलं तर रंग परत यायलाच तयार नाही. सलाइन लावलं, पोटाची औषधं केली, त्याला रक्त लागत होतं आणि ते आमच्याकडे कुठून आणणार, मुंबईच्या वाटेवर माणगावच्या अलीकडे तो गेला. पुडीत काय होतं ते कधीच कळलं नाही. तेव्हापासून मी कुठल्याही जनावराच्या मालकाला पहिला प्रश्न हा विचारते की घरातलं, देवळातलं, शेजारचं, बोटीवरचं, काय काय पोटात गेलंय ते सगळं सांगा, मी रागावणार नाही. तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना डबी न्या आणि पुढ्यात ठेवा. लाजू नका. फोटो काढून आधीच पाठवलात तर आणखी बरं, चिनी अक्षरं आता मोबाइलवर वाचता येतात, निदान नावं तरी कळतील.

नावं कळली तर काय बघायचं ते सांगते. मा छियान झी लिहिलेलं दिसलं की डबी बंद. हा आपला काजरा. तुमच्याकडच्या रानात आहेच, नारिंगी गोल फळं, फोडलं की आत रुपयासारख्या चपट्या, राखाडी, मखमली अंगाच्या बिया. धनेश त्याची फळं खातो म्हणून पोरांना वाटतं खायचं असेल, आणि गावात पूर्वी कुत्री मारायला हीच बी वापरायचे हे तुमच्या सासूबाईंना नक्की माहीत असेल, विचारा त्यांना. त्यातलं विष म्हणजे स्ट्रिक्निन. मी एकदाच असा कुत्रा बघितलाय, चारही पाय लाकडासारखे ताठ, मान मागे वळलेली, आणि कुणी दार जरी लोटलं तरी त्या आवाजाने परत झटका. चिनी वैद्य ही बी वाळूत भाजून आणि आपले वैद्य गाईच्या दुधात शुद्ध करून तिचं विष उतरवतात, जुन्या सांधेदुखीत अगदी बारीक मात्रेत वापरतात, हे खरं आहे, पण भाजणाऱ्याचा हात जरा चुकला की माणसाला जे सोसेल ते २४ किलोच्या कुत्र्याला सोसत नाही.

छुआन वू, त्साओ वू, फू झी ही बचनागाच्या घराण्यातली, हृदयावर जातात. लेइ गोंग थेंग, तिचं नाव तुम्ही वाचलेल्यात नक्की आलं असेल, कारण प्रतिकारशक्ती दाबणारी चिनी वनस्पती म्हणून माणसांच्या आमवातात तिचा खरोखर अभ्यास झालाय आणि गुणही दिसलाय. पण गुणाची आणि विषाची मात्रा इतकी जवळजवळ आहे की लिव्हर, मूत्रपिंड, हाडातला मगज सगळ्याला बाधते, माणसं दगावलीत. फांग जी दिसली तरी नको. ९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या क्लिनिकमध्ये एका फांग जीच्या जागी नावाने सारखी दुसरी वनस्पती गेली, त्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड होतं, शंभरेक बायकांची मूत्रपिंडं खराब झाली. नावातल्या एका शब्दाचा फरक. त्याच ॲसिडचा अंश शी शिनमध्ये असतो आणि ती वर सांगितलेल्या १५ वनस्पतींच्या प्रसिद्ध औषधातली एक आहे, म्हणून आजकाल शहाणे वैद्य ती काढून टाकतात.

आणि जेष्ठमध! ते तर जवळजवळ प्रत्येक चिनी काढ्यात असतं, आपल्याकडेही घसा बसला की पहिलं तेच. एरवी साधं. पण जेष्ठमध स्टेरॉइडला अंगात जास्त वेळ टिकवतं, पाणी साठवतं, पोटॅशियम उतरवतं. म्हणजे बंड्याला जो त्रास होतोय, तहान आणि लघवी आणि गळलेले स्नायू, त्यात भर. उद्या डॉक्टरांनी स्टेरॉइड कमी करण्यासाठी सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध जोडलं तर सी म्याओ सानमधल्या पिवळ्या सालीतलं बर्बेरिन सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी चढवतं. आपल्या दारुहळदीतही तेच बर्बेरिन आहे, म्हणून आयुर्वेदिक म्हटल्याने सुटका नाही.

मग चिनी वनस्पती कधीच नाहीत का? तसं मी म्हणणार नाही. बंड्याचे सांधे शांत आहेत, स्टेरॉइड हळूहळू उतरून अगदी कमीवर आलंय, रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत, अशा वेळी ह्यातलं शिक्षण घेतलेला पशुवैद्य तुम्हाला मिळाला, त्याने बंड्याला हात लावून तपासलं, प्रत्येक वनस्पतीचं शास्त्रीय नाव कागदावर लिहून दिलं, आणि तो कागद कोल्हापूरच्या डॉक्टरांनी वाचून हो म्हटलं, तर सोबतीला म्हणून करून बघायला माझी हरकत नाही. स्टेरॉइडच्या जागी मात्र नाही, कारण ही आग विझवणारं म्हणून कुत्र्यांवर ज्याचा नीट अनुभव आहे ते प्रेडनिसोलोन, सायक्लोस्पोरिन, लेफ्लुनोमाइड हेच. आणि सुरू कराल तेव्हा एकच नवी गोष्ट, लिव्हर आणि मूत्रपिंडाची तपासणी आधी एकदा आणि तीन-चार आठवड्यांनी परत. हे का, तर कुत्र्यात स्टेरॉइडनेच लिव्हरचे काही आकडे चढतात, त्यात आणखी पंधरा वनस्पती घातल्या आणि आकडे वाढले तर दोष कुणाचा हे मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात मला कुठे सापडली नाही आणि ती मला चिनी गोळ्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. गोचीड. तुम्ही लिहिलंय की बंड्या दुपारी गोठ्यात गाईजवळ झोपतो. कोकणातल्या गोठ्यात झोपणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर गोचीड नसेल हे मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही. गोचीड चावून एर्लिकिया, ॲनाप्लाझ्मा हे जंतू रक्तात शिरतात आणि त्यांच्यामुळेही अगदी असेच अनेक सांधे सुजतात, असाच ताप येतो. रक्त तपासलं एवढंच तुम्ही लिहिलंय, त्यात गोचीडतापाची टेस्ट होती का, प्लेटलेट किती होत्या, हे फाइल काढून बघा. नसेल झाली तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा. एर्लिकिया निघाला तर डॉक्सिसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स असतो, आणि तो जंतू आत तसाच बसलेला असेल तर स्टेरॉइड कमी केलं की पाय परत धरणार, मग तुम्हाला वाटणार औषध लागू पडलं नाही. बऱ्याच जणांनी चिनी, आयुर्वेदिक, होमिओपॅथी असं सगळं फिरून शेवटी साधा गोचीडताप निघालेला मी पाहिलाय. आज रात्री बंड्याच्या कानांच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात, काखेत, शेपटीखाली बॅटरी मारून बघा. काढलेला गोचीड नखाने चिरडू नका, रॉकेल नाहीतर स्पिरिटच्या बाटलीत टाका. गोचीडाची महिन्याची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू ठेवा, गाईंचं औषध कुत्र्याला अंदाजाने लावू नका.

आता रोजचं, सासूबाईंचं काम इथेच आहे. बंड्याला भूक लागते ती खोटी नाही, स्टेरॉइडने पोट कधी भरल्यासारखंच वाटत नाही, म्हणून त्याला मारू नका. भात कमी करा, आता तवशी आहेत तर तवशाच्या फोडी घाला, उकडलेला भोपळा घाला, पोट भरेल आणि चरबी नाही वाढणार. मांड्या बारीक होतात त्याला प्रथिनं लागतात, उकडलेलं अंडं, बिनकाट्याचा मासा, चिकन. तारली स्वस्त असते तेव्हा बिनमिठाची उकडून काटे काढून एक-दोन द्या, त्यातलं तेल सांध्यांना चांगलं, पण जास्त नको, स्टेरॉइडवरच्या कुत्र्याचं पोट तेलाने बिघडतं. सुके बांगडे मात्र उंच ठेवा, त्या मिठाने तहान दुप्पट होते आणि मग पडवी धुवत बसा. कांदा-लसणीचं कालवण तर नकोच. पाणी कधीही तोडू नका, रात्री पडवीत करतो म्हणून भांडं उचलून ठेवणारे लोक मला माहीत आहेत, तसं करू नका, झोपण्याआधी एकदा आणि पहाटे एकदा बाहेर न्या, डोस कमी होत जाईल तसं हे थांबतं.

झोपायला चिऱ्याची उघडी जमीन किंवा गुळगुळीत टाइल नको, पाय सटकला की दुखऱ्या मनगटावर सगळं वजन येतं. दोन गोणपाटं, वर जुनी घोंगडी, ओलसर झाली की उन्हात घाला. शेक द्यायचाय सासूबाईंना तर निगडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधून दहा मिनिटं, स्वतःच्या गालाला लावून सोसेल एवढाच गरम, आणि आधी सांध्याला हात लावून बघायचा, सांधा शेजारच्या मांसापेक्षा गरम लागला किंवा फुगलेला वाटला तर शेक बंद आणि फोन सुरू. पाला त्याने खाऊ नये एवढं बघा. त्यांचा हात अनुभवी असणार, रोज दोन वेळा मनगटं आणि घोटे त्यांच्याच बोटांखालून गेले तर सूज मशीनच्या आधी त्यांना कळेल.

एक वही घाला, पोराची जुनी चालेल. सकाळी उठल्या-उठल्या पहिली दहा पावलं कशी टाकली, ताप किती, पाणी किती प्यायला, गोळी किती दिली. ताप काचेच्या थर्मामीटरने नको, डिजिटलला तेल लावून गुदद्वारातून, कुत्र्याचा नेहमीचा १०१ ते १०२.५ असतो, १०३ च्या वर गेला तर लिहा आणि कळवा. डोस साधारण दर तीन-चार आठवड्यांनी चौथ्या हिश्श्याने उतरवतात, असं करत चार-सहा महिने जातात, आणि प्रत्येक वेळी उतरवल्यावरचे पहिले दहा दिवस वही सगळ्यात महत्त्वाची. काही कुत्र्यांचं औषध पूर्ण सुटतं, काहींना अगदी थोडं, दिवसाआड, कायमचं लागतं, आणि तेही नीट जगतात. माझ्याकडे येणारी एक कुत्री दिवसाआड अर्ध्या गोळीवर पाच वर्षं समुद्रावर पळतेय.

काळी शी, रक्ताची उलटी, पिवळे डोळे, दिवसभर अन्नाला तोंड न लावणं, ह्यातलं काहीही दिसलं तर वही, पत्र, माझं उत्तर सगळं बाजूला ठेवून त्याच तासाला गाडी काढा. शेजारचे म्हणतील, "कुत्र्याक इतकी औषधां कित्याक गो?" म्हणू दे. आणि पावसाचं पाणी साचलेल्या डबक्यांतून, भाताच्या खाचरांतून त्याला फिरवू नका, प्रतिकारशक्ती दाबलेली असताना लेप्टोची, म्हणजे साचलेल्या पाण्यातून लागणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, भीती जास्त, आणि लस द्यायची वेळ आली असेल तर स्टेरॉइड चालू आहे हे आधी सांगा.

कोल्हापूरची पुढची तारीख तुम्ही लिहिली नाहीत. वाढलेली तहान आणि बारीक झालेल्या मांड्या बघता ती लांब असेल तर अलीकडे घ्या, कारण सहा आठवड्यांनंतरही पूर्ण डोसच चालू असेल तर तो उतरवायचा की जोडीला दुसरं औषध घालून लवकर उतरवायचा हा निर्णय आता घ्यायची वेळ आहे. जाताना फाइल, वही आणि दिरांची डबी न्या. गोचीडाच्या टेस्टचं काय झालं ते मला कळवा, मी वाट बघतेय.